दसऱ्याला ठरवलेलं धोरण गुढीपाडव्यापर्यंत उभं कसं करायचं

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खंडेनवमीची पूजा आटोपली होती. लेथला झेंडूचा हार, व्हीएमसी मशीनच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं, पेढ्यांचा पुडा हातोहात फिरत होता. मालकांनी सगळ्यांना जमवलं आणि जाहीर केलं, "आता इंजिनाच्या पार्ट्सवर विसंबून चालणार नाही. आपल्याला इलेक्ट्रिक गाड्यांच्या कामात उतरायचंय." टाळ्या पडल्या. टूलरूमचे, म्हणजे हत्यारं आणि पकडसाधनं बनवणाऱ्या विभागाचे, फोरमन काका माझ्या शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "चांगलंच आहे साहेब. पण सोमवारी सकाळी मी नेमकं काय करू?"

हा प्रश्न मी आजवर कुठेही गेलो तरी सोबत नेतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत प्रकल्प उभे करायचं काम मी करतो. माझं ठाम मत असं की धोरण ठरलं हे ओळखायची खूण एकच. कुणाचा तरी पुढचा आठवडा बदलतो. कुणाचाच आठवडा बदलला नाही, तर इच्छा व्यक्त झाली, धोरण ठरलं नाही. इच्छेपासून आठवड्यापर्यंत कसं यायचं, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण एकच घेतो, इंजिनासाठी शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्याला इलेक्ट्रिक दुचाकीचा मोटरशाफ्ट बनवायचाय. तुमचा धंदा बेकरीचा असो की सॉफ्टवेअरचा, हिशोब तोच लागतो.

पहिली पायरी : एक वाक्य, चार भागांचं

कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत. काय मिळवायचं, कुणाकडून त्यावर शिक्का बसणार, कधीपर्यंत, आणि त्यासाठी काय थांबवणार.

आमच्या कारखान्यात तीनदा खोडून शेवटी हे वाक्य तयार झालं : "गुढीपाडव्यापर्यंत एका ग्राहकाकडून मोटरशाफ्टचा पीपीएपी मंजूर करून घ्यायचा, त्यासाठी टूलरूममध्ये बाहेरचं जॉबवर्क घेणं बंद."

पीपीएपी म्हणजे नवीन पार्टला ग्राहकाकडून मिळणारी रीतसर मंजुरी. पहिले तीन भाग सगळे भराभर लिहितात. चौथ्या भागाशी पेन थांबतो. थांबायलाच हवा, कारण खरा निर्णय तिथेच असतो. जॉबवर्कमधून दर महिन्याला रोख पैसे येतात, जुने संबंध असतात, "त्यांना नाही कसं म्हणायचं" हा संकोच असतो. पण काही न थांबवता नवीन काम सुरू करायचं म्हणजे त्याची किंमत कुणीतरी रात्री जागून मोजणार, आणि तो माणूस नेहमी तोच असतो.

"इलेक्ट्रिकमध्ये उतरणं" असलं वाक्य चालत नाही, कारण ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येत नाही. पीपीएपी मंजूर झाला की नाही, यावर मात्र वाद होत नाही. वाहन उद्योगात नवीन पार्ट पुरवण्याआधी ग्राहकाला हा मंजुरीचा संच द्यावा लागतो, त्यात १८ बाबी असतात. ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर चाचणी उत्पादनात सलग किमान ३०० नग काढून दाखवायचे असतात. दोन-चार सुबक सॅम्पल हाताने घासून दिले की झालं, असं तिथे होत नाही. तुमच्या धंद्यातही अशी बाहेरच्या माणसाने शिक्का मारायची जागा शोधा आणि वाक्यात तीच घाला.

दुसरी पायरी : माणसांचे तास मोजा

बहुतेक ठिकाणी या पायरीवरून थेट उडी मारतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मालकांच्या घोषणेनंतरच्या सोमवारी मी फोरमन काकांबरोबर टूलरूमच्या बाकावर बसलो. त्यांच्याकडे तेलाचे डाग पडलेली लांबट वही होती. रोज कुठलं काम, किती वाजता हातात घेतलं, किती वाजता सोडलं, सगळं त्यात लिहिलेलं. मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढली. आठवड्याचे तास ४८. त्यात चालू फिक्श्चर (नग मशीनवर पकडून ठेवणारी साधनं) आणि टूलिंगची दुरुस्ती १८ तास. लाइनवर काही अडलं की धावत जाणं १२ तास. बाहेरचं जॉबवर्क १०. तपासणी आणि कागद ४. बेरीज ४४. उरले ४ तास.

नवीन शाफ्टची फिक्श्चर बनवायला काकांचा अंदाज १२० तासांचा होता. आठवड्याला ४ तासांनी ते काम व्हायला ३० आठवडे लागतात. दसऱ्यापासून ३० आठवडे मोजले तर गुढीपाडवा मागे टाकून आपण पार पुढे जातो, आणि तोवर फक्त फिक्श्चर तयार. जॉबवर्कचे १० तास मोकळे केले तर आठवड्याला १४ मिळतात, काम साडेआठ-नऊ आठवड्यांत बसतं. हा कागद मालकांसमोर ठेवला तेव्हा जॉबवर्क बंद करायचा निर्णय दहा मिनिटांत झाला. त्याआधी त्याच विषयावर दोन बैठका चर्चेतच गेल्या होत्या.

तुमच्याकडेही असे तीन-चारच लोक असतील ज्यांच्या हातून प्रत्येक नवीन गोष्ट जावी लागते. एक टूलरूमवाला, एक डिझाइन करणारा, एक क्वालिटीचा, आणि स्वतः मालक. अख्ख्या कंपनीचं वेळापत्रक मांडायची गरज नाही. या चौघांचे आठवड्याचे मोकळे तास लिहा. तुमची नवीन काही करण्याची ताकद तेवढीच आहे.

याच हिशोबातून एका वेळी किती प्रकल्प घ्यायचे तेही कळतं. समजा त्याच माणसाची ८-८ आठवड्यांची तीन कामं आहेत. एकामागून एक केली तर पहिलं आठव्या आठवड्यात संपतं, दुसरं सोळाव्या, तिसरं चोविसाव्या. तिन्ही एकदम सुरू करून आठवड्याआड फिरवत राहिलात तर पहिलं काम संपायलाच बावीस आठवडे लागतात. शेवटचं चोविसाव्यालाच संपतं, म्हणजे कुणालाच काही लवकर मिळालं नाही. शिवाय प्रत्येक वेळी सेटिंग बदलायचा, "कुठवर आलो होतो" हे आठवायचा वेळ वाया गेला तो वेगळाच. रांग लावा.

तिसरी पायरी : एक पान, एक माणूस

प्रकल्पाची फाइल जाड असेल तर ती कुणी उघडत नाही. ए-फोरचं एक पान पुरतं. वर ते वाक्य, खाली प्रकल्प कोण चालवणार त्याचं नाव, किती पैसे, कोणत्या तारखेला काय दिसलं पाहिजे, आणि काय या प्रकल्पात नाही. शेवटचं विसरू नका. आमच्या पानावर लिहिलं होतं, "चारचाकीचा शाफ्ट या प्रकल्पात नाही." पुढच्या सहा महिन्यांत ते वाक्य तीनदा उपयोगी पडलं.

प्रकल्प चालवणारा माणूस एकच हवा, आणि शक्यतो मालक नको. मालकाचा फोन दर दहा मिनिटांनी वाजतो. पण ज्याचं नाव लिहाल त्याला अधिकारही लिहून द्या. पुण्यातले कितीतरी कारखाने घरचे आहेत. थोरले बंधू हिशोब बघतात, धाकटे मार्केटिंग, वडील रोज सकाळी एक चक्कर मारतात. थोरल्यांनी हो म्हटलेलं काम धाकट्यांनी थांबवलं, असं झालं की खालचा माणूस पुढच्या वेळी आपणहून काही करत नाही, विचारत बसतो. म्हणून पानावरच लिहा : ५० हजारांपर्यंतचा खर्च प्रकल्पप्रमुख ठरवेल, त्याच्या वर थोरले बंधू, उत्तर दोन दिवसांत. आकडा तुमच्या ऐपतीप्रमाणे ठेवा, पण ठेवाच. पानावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

पैशांबद्दल एक छोटी गोष्ट. टूलिंग आणि गेजचा खर्च आधी होतो, ऑर्डरचे पैसे फार नंतर येतात. त्यामुळे ग्राहकाशी बोलताना टूलिंगची आगाऊ रक्कम पहिल्याच चर्चेत मागा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी २००६चा कायदा मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगतो. पण डेव्हलपमेंटच्या काळात अजून मालच गेलेला नसतो, तिथे तुमची पीओच, म्हणजे ग्राहकाची लेखी खरेदी ऑर्डरच, तुम्हाला सांभाळते.

चौथी पायरी : काम फोडा आणि सगळ्यात लांब दोरी शोधा

आता मोठं काम लहान तुकड्यांत फोडा. कुठलाही तुकडा पाच दिवसांपेक्षा मोठा नको. बाहेरून येणाऱ्या गोष्टी याला अपवाद. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा की तो कशावर अवलंबून आहे. मग सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सगळ्यात लांब दोरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात जास्त दिवसांची साखळी, काढा. याला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या रासायनिक प्लँटच्या कामांसाठी ही पद्धत तयार झाली. आज फळ्यावर खडूनेही करता येते.

एका आधीच्या प्रकल्पात ही दोरी काढताना माझ्या हातून चूक झाली होती. कारखान्याचं नाव सांगत नाही, पण हिशोब पूर्ण देतो, कारण तो कुणालाही उपयोगी पडेल.

ड्रॉइंग पक्कं झाल्यापासून आमची मांडणी अशी : स्टील यायला २० दिवस, टर्निंगला ४, स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दात) पाडायला ५, हीट ट्रीटमेंट ८, ग्राइंडिंग ५. एकूण ४२. ग्राहकाला मी ४५ दिवसांची तारीख दिली. स्प्लाइन तपासायला खास त्या मापाचा गेज लागतो आणि तो बनवून घ्यावा लागतो, हे मला माहीत होतं. पण "गेज" हा शब्द आमच्या यादीत क्वालिटीच्या खर्चात लिहिला होता, कामांत नव्हता. टर्निंग संपल्यावर, चोविसाव्या दिवशी, कुणीतरी विचारलं, "स्प्लाइन चेक कशाने करायची?" गेजवाल्याने ४५ दिवस सांगितले. २४ आणि ४५ मिळून ६९, त्यापुढे स्प्लाइन, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंगचे १८. एकूण ८७ दिवस. वचन ४५चं दिलेलं.

पहिल्याच दिवशी गेजची ऑर्डर दिली असती तरी ४२ दिवसांत काम झालं नसतं. गेज ४५व्या दिवशी आला असता आणि पुढचे १८ धरून ६३ दिवस लागले असते. पण मग मी ग्राहकाला पहिल्या दिवशीच ६३ सांगितले असते आणि त्याचं पुढचं नियोजन बिघडलं नसतं. ती ऑर्डर पुढे मिळाली, पण वर्षभर त्या ग्राहकाच्या खरेदी विभागातले लोक आमची प्रत्येक तारीख दोनदा विचारत.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. फळ्यावर पहिल्यांदा बाहेरून येणाऱ्या वस्तू लिहायच्या. गेज, खास टूल, स्टील, परवाना, बाहेरच्या लॅबचा अहवाल. जी वस्तू सगळ्यात उशिरा येणार तिची ऑर्डर सगळ्यात आधी. कारखान्यातली कामं त्यानंतर.

दिवसांचा अंदाज घेताना एकच आकडा मागू नका. एकच आकडा मागितला की माणूस एकतर साहेबांना खूश करणारा आकडा देतो, नाहीतर स्वतःला वाचवणारा. तीन विचारा : सगळं सुरळीत झालं तर, नेहमी लागतात ते, आणि वाईटात वाईट. हीट ट्रीटमेंटवाल्याने ४, ६ आणि २० सांगितले. मधल्या आकड्याची चौपट करा, बाकीचे दोन मिळवा, सहाने भागा. ४ अधिक २४ अधिक २०, भागिले ६, म्हणजे ८. वरच्या हिशोबातले ८ दिवस तिथूनच आले. ही रीत १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात वापरात आली. आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचंय की तो वाईट दिवसांचा २० हा आकडा कुणीतरी मोठ्याने बोलून दाखवला पाहिजे.

पाचवी पायरी : जे माहीत नाही ते आधी, आणि स्वस्तात

आपल्याला येतं ते काम आणि आपल्याला अजून येत नाही ते काम, दोन्ही एकाच वेळापत्रकात कोंबू नका. मोटरशाफ्टमध्ये टर्निंग आम्हाला येत होतं. ग्राइंडिंगचं ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे गिअरच्या दातांची बारीक शीळही चालवणाऱ्याच्या कानाला लागते. मोटरचे फेरेही खूप जास्त. म्हणून इंजिनाच्या शाफ्टला चालून जाणारी फिनिश इथे नापास होते. आपल्याकडून ती फिनिश सातत्याने निघेल का, या प्रश्नावर अख्खा प्रकल्प उभा होता.

मालकांचा पहिला विचार नवीन ग्राइंडिंग मशीन घ्यायचा होता. मशीन आल्याशिवाय काम कसं येणार, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण आम्ही आधी २० नग बनवून ग्राइंडिंगपुरते बाहेर जॉबवर्कला दिले. खर्च थोडा, वेळ दोन आठवडे. त्यात कळलं की अडचण ग्राइंडिंगची नाही, हीट ट्रीटमेंटनंतर शाफ्ट वाकतोय. मशीन आधी घेतलं असतं तर कर्जाचे हप्ते सुरू झाले असते आणि शाफ्ट वाकतच राहिला असता.

म्हणून प्रकल्पाला दारं ठेवा. प्रत्येक दारापाशी तीन उत्तरं शक्य असली पाहिजेत : पुढे जा, दुरुस्त करून परत या, किंवा बंद करा. आणि बंद करायची अट आधीच, डोकं शांत असताना लिहा. आमची अट होती, "दोन ट्रायलनंतरही वाकणं ड्रॉइंगच्या मर्यादेत आलं नाही तर हा शाफ्ट सोडायचा, सोपा पार्ट मागायचा." अट लिहिलेली नसली की पैसे घातलेत म्हणून आणखी पैसे घातले जातात.

हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे वाचक म्हणतील, आम्ही दोन आठवड्यांचे स्प्रिंट करतो ते हेच. बरोबर आहे. फरक एवढाच की स्टील कापलं की परत जोडता येत नाही, त्यामुळे पहिला तुकडा कुठला कापायचा याचा विचार जास्त करावा लागतो.

सहावी पायरी : आधीच फसवून बघा, आणि पुण्याचं कॅलेंडर लावा

सगळ्यांना एका खोलीत बसवा. वीस मिनिटं द्या. सांगा, "आज गुढीपाडवा आहे आणि आपला प्रकल्प पार फसलाय. का फसला, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा." गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही रीत मांडली, तिला प्री-मॉर्टेम म्हणतात. आपल्याकडे तर ती जास्तच कामाची आहे, कारण साहेबांसमोर "हे होणार नाही" म्हणणं अवघड जातं. फसलंच आहे असं धरलं की कारण सांगायला कुणी कचरत नाही. आमच्याकडे एका तरुण सेटरने लिहिलं होतं, "सीएमएम (मापं तपासायचं मशीन) एकच आहे आणि दुपारी नेहमी डिस्पॅचच्या कामात अडकलेली असते." आम्ही रोज सकाळचा पहिला दीड तास सीएमएम प्रकल्पाला बांधून दिली. वेळापत्रकाच्या कुठल्याच चौकोनात ती गोष्ट दिसली नव्हती.

त्याच बैठकीत भिंतीवर कॅलेंडर लावा आणि जे दिवस मिळणार नाहीत त्यावर फुली मारा. दिवाळीला मराठवाडा-विदर्भातले कामगार गावी जातात, छठला बिहार-उत्तर प्रदेशचे. दोन्हींत थोडंच अंतर असल्याने महिन्याचा मोठा भाग अर्ध्या माणसांवर चालतो. सुगीला आणि गावच्या जत्रेला सुट्ट्या वाढतात. पावसाळ्यात काम असेल तर पालखीचे दिवस, तेव्हा आकुर्डी-पिंपरी-दापोडीच्या रस्त्याने मटेरियल हलवायचा विचारही करू नका. पुढे गणपतीचे दहा दिवस. विजेच्या देखभालीची कामं गुरुवारी निघतात, म्हणून लांब चालणारी ट्रायल गुरुवारी ठेवू नका. चाकणला डिलिव्हरी असेल तर तळेगाव चौकातल्या कोंडीचा वेळ धरून गाडी सोडा. मार्चअखेर सगळ्यांचीच बिलं, डिस्पॅच आणि ऑडिट एकत्र येतात, म्हणून आपली तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कधीच लावू नका.

सातवी पायरी : आठवड्याची अर्धा तास बैठक, फळ्यासमोर, उभ्याने

फळ्यावर चार रकाने. काय, कोण, कुठल्या दिवशी, झालं का. शेवटच्या रकान्यात "हो" किंवा "नाही" एवढंच लिहायचं. "होत आलंय", "जवळजवळ झालंच आहे", "बघतो साहेब" हे तीन शब्दप्रयोग त्या अर्ध्या तासात बंद. कुणाला लाज वाटावी म्हणून हे नाही. "होत आलंय" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कुठलीतरी मदत हवी असते आणि ती मागता येत नसते. "नाही" म्हणाला की पुढचा प्रश्न सोपा होतो, "कशाने अडलंय?"

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आखा : कुठला निर्णय, कुणाकडे, किती दिवसांपासून. आमच्याकडे दुसऱ्या हीट ट्रीटमेंट ट्रायलचं कोटेशन मालकांच्या टेबलावर पडून होतं. चौकोनात त्यांच्या नावापुढे रोज आकडा वाढत गेला. ११ झाला त्या दिवशी ते स्वतः फळ्यापाशी आले, बराच वेळ बघत उभे राहिले, आणि तिथेच सही केली. नंतर त्यांच्या नावापुढचा आकडा दोनच्या वर गेला नाही. प्रकल्प उशिरा होण्याची जी कारणं मी पाहिली, त्यांत हाताने होणाऱ्या कामापेक्षा सहीची वाट बघण्यात गेलेले दिवस जास्त आहेत.

तारीख हुकणार हे दिसलं की ग्राहकाला त्याच दिवशी फोन करा, आणि नवी तारीख देताना कारण आणि उपायही सांगा. चाकणच्या खरेदी विभागातल्या लोकांनाही त्यांच्या साहेबांना उत्तर द्यायचं असतं.

आठवी पायरी : हाती सोपवा आणि मोकळे झालेले तास सांभाळा

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटा, जरूर वाटा. पण प्रकल्प संपला असं अजून धरू नका. प्रकल्पप्रमुख रजेवर असताना रात्रपाळीच्या ऑपरेटरने शाफ्ट बरोबर काढला, तेव्हा तो संपला. त्यासाठी सेटिंगच्या सूचना मशीनवर मराठीत, आणि जिथे ऑपरेटर हिंदी वाचतो तिथे हिंदीत, फोटोंसकट लावा. पहिले दोन आठवडे रोज एक नग बाजूला काढून फोरमन आणि ऑपरेटरने एकत्र तपासावा.

तीन महिन्यांनंतरची एक तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी बघायचे आकडे तीनच : रिजेक्शन किती, एका नगाला वेळ किती, आणि ग्राहकाकडून महिन्याला ऑर्डर किती येतेय. सुरुवातीच्या पानावर जे लिहिलं होतं त्याच्या शेजारी हे ठेवा.

आणि टूलरूमची ती वही परत उघडा. फिक्श्चरचं काम संपल्यावर फोरमन काकांचे आठवड्याचे १४ तास मोकळे झालेले असतात. ते कुणाला द्यायचे हे त्याच आठवड्यात ठरवून वहीत लिहा, नाहीतर जुना जॉबवर्कवाला फोन करतो आणि महिनाभरात ते त्याचे होऊन जातात. आमच्या वहीत आता त्या जागी एक वाक्य लिहिलंय : "१४ तास, शाफ्ट नंबर दोन. गेजची ऑर्डर दिली."